पीडीएफमध्ये ओहमचा डब्ल्यू का होतो?

तांत्रिक मजकुराची पीडीएफ केली की त्यातील चिन्हे बिघडतात, अशी तक्रार या वेळी वेगवेगळ्या व्यवसायांतील वाचकांनी पत्रांतून केली आहे. कोणाचा ओहम बिघडला आहे, कोणाच्या ड्रॉइंगमधील व्यासाची खूण, तर कोणाचे मराठीच. म्हणून हा संपूर्ण स्तंभ याच विषयाला दिला आहे. पत्रे लांब होती. मुद्दा कायम ठेवून ती संक्षेपाने छापत आहोत.

प्रश्न : आमचा लहान कारखाना विद्युत मोजमापाची उपकरणे तयार करतो. माहितीपत्रके आम्ही वर्डमध्ये लिहून छापखान्याकडे पाठवतो आणि तेथे त्यांची पीडीएफ होते. आमच्या पडद्यावर सर्व काही ठीक दिसते. परंतु छापून आलेल्या पत्रकात किलोओहममधील ओहमच्या जागी डब्ल्यू हे अक्षर आले, मायक्रोफॅरडमधील मायक्रोच्या जागी एम आला आणि ‘≤ ५’ या ठिकाणी चक्क ‘£ ५’ छापले गेले. नवल असे की अंशाचे चिन्ह आणि ± मात्र जसेच्या तसे राहिले. दोष फाइलमध्येच आहे, असे छापखान्याचे म्हणणे आहे. ते खरे मानावे काय?
– एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : बव्हंशी खरे मानावे. छापखान्याने छपाईपूर्वी एक प्रूफ आपल्याला दाखवायला हवे होते, एवढीच त्याची चूक. परंतु बिघाडाचे मूळ आपल्या वर्डच्या फाइलमध्ये आहे आणि ते तेथेच दुरुस्त करावे लागेल. आपण जी लक्षणे लिहिली आहेत ती इतकी नेमकी आहेत की फाइल न पाहताही निदान करता येते : ही सर्व चिन्हे आपण किंवा आपल्याआधी ती फाइल हाताळणाऱ्या कोणीतरी ‘सिम्बॉल’ नावाच्या फॉन्टमधून घेतलेली आहेत.

हा फॉन्ट जुना आहे. १९८५ साली अ‍ॅपलचा लेझररायटर हा प्रिंटर बाजारात आला तेव्हा टाइम्स, हेल्व्हेटिका आणि कुरिअर यांच्या जोडीने सिम्बॉल त्यात बसवलेला होता. त्या काळी एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकित जागा, असत, आणि इंग्रजी अक्षरांनी त्यातील मोक्याची घरे आधीच अडवलेली होती. त्यामुळे सिम्बॉलमध्ये ग्रीक अक्षरे आणि गणिती खुणा इंग्रजी अक्षरांच्याच घरांत बसवण्यात आल्या. ए दाबला की अल्फा, बी दाबला की बीटा, लहान एम दाबला की म्यू आणि मोठा डब्ल्यू दाबला की ओमेगा, म्हणजेच आपला ओहम. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर आपल्या फाइलमध्ये ‘डब्ल्यूच्या घरातील खूण, सिम्बॉल फॉन्टमध्ये दाखवावी’ एवढीच नोंद आहे. ओहम असा तेथे कोठेही नाही. रूपांतर करणाऱ्या संगणकाला सिम्बॉल फॉन्ट सापडला नाही, किंवा त्या प्रोग्रॅमने त्याऐवजी दुसरा फॉन्ट वापरला, की उरतो तो नुसता डब्ल्यू.

आता अंशाचे चिन्ह का वाचले, तेही याच हिशेबाने उलगडते. सिम्बॉलमध्ये अंशाचे घर १७६ वे आणि ± चे १७७ वे आहे. पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या नेहमीच्या अक्षरसंचातही ही दोन चिन्हे नेमकी याच घरांत आहेत. फॉन्ट बदलला तरी चिन्ह बदलले नाही, ते या योगायोगामुळे. ‘≤’ मात्र इतके नशीबवान नाही : सिम्बॉलमधील त्याच्या १६३ व्या घरात नेहमीच्या संचात ब्रिटिश पौंड राहतो. त्याच न्यायाने ‘≥’ च्या जागी वर चढवलेला लहान तीन येतो, ‘∞’ च्या जागी जपानी येन (¥) येतो आणि ‘≈’ च्या जागी » ही अवतरणखूण येते. तांत्रिक मजकुरात अकारण पौंड आणि येन दिसू लागले की सिम्बॉल फॉन्टचा संशय धरावा. हा संशय क्वचितच खोटा ठरतो.

या बिघाडाकडे निव्वळ छपाईचा दोष म्हणून पाहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटले तर वाचक थबकतो आणि विचारणा करतो. मायक्रोचा एम झाला तर तो थबकत नाही, कारण एम हेही एककाचे रीतसर उपपद आहे : १० मायक्रोफॅरडचे १० मिलिफॅरड झाले, म्हणजे मूल्य हजारपट वाढले, आणि कागदावर काहीही वावगे दिसत नाही. औषधाच्या मात्रेत मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला तर काय होईल ते सांगायला नको. औषधोपचारातील चुका टाळण्यासाठी काम करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या अमेरिकी संस्थेने ग्रीक म्यूचे चिन्ह वापरण्याऐवजी एमसीजी असे लिहावे, अशी शिफारस केलेली आहे. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीतील घोटाळा हे त्यामागचे कारण असले तरी फॉन्टच्या घोटाळ्यालाही ती शिफारस तितकीच लागू पडते. आपल्या पत्रकातील डब्ल्यूचेही तसेच आहे. विजेच्या क्षेत्रात डब्ल्यू म्हणजे वॅट, त्यामुळे रोधाचे मूल्य वाचणाऱ्याला ते शक्तीचे मूल्य वाटू शकते.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे करावी. वर्डमध्ये रिकाम्या जागी शून्य, तीन, ए, नऊ अशी चार अक्षरे इंग्रजीत टंकून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. त्यांच्या जागी युनिकोडमधील, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या संचातील, खरा ओमेगा उमटतो. त्याला नेहमीचा फॉन्ट द्यावा आणि तो कॉपी करून ठेवावा. नंतर फाइंड अँड रिप्लेसच्या खिडकीतील शोधण्याच्या चौकटीत ^ ही खूण, तिला लागून लहान यू आणि पुढे ६१५२७ हा क्रमांक लिहावा, आणि बदलण्याच्या चौकटीत ^ व लहान सी लिहावे. (आकडे अर्थातच इंग्रजी कळफलकावरून टंकावेत, देवनागरी आकडे वर्डला येथे चालत नाहीत.) सिम्बॉलमधून घेतलेली चिन्हे वर्ड ६१४४० पासून पुढच्या क्रमांकांवर ठेवतो. तो युनिकोडमधील खासगी वापराचा पट्टा आहे. डब्ल्यूचा क्रमांक ८७, म्हणून हे ६१५२७. लहान एमसाठी ६१५४९, ‘≤’ साठी ६१६०३ आणि ‘≥’ साठी ६१६१९. नुसते फॉन्टचे नाव बदलून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. सिम्बॉलच्या खिडकीतून घातलेल्या चिन्हांवर वर्ड एक प्रकारचे कुलूप लावतो, आणि कर्सर त्यांच्यावर ठेवला तरी फॉन्टच्या चौकटीत आजूबाजूच्या मजकुराचाच फॉन्ट दिसत राहतो. इतकी वर्षे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसेल, तर त्याचे कारण हेच.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. युनिकोडमध्ये ओहमला दोन जागा आहेत : एक ग्रीक ओमेगाची आणि दुसरी खास ओहमचिन्हाची, क्रमांक २१२६. दुसरी जागा केवळ जुन्या संचांशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे आणि युनिकोड स्वतः ओमेगाच वापरायला सांगते. मायक्रोच्याही दोन जागा आहेत, परंतु तेथे माझा सल्ला उलट आहे. मायक्रोचे स्वतंत्र चिन्ह जुन्या पश्चिम युरोपीय संचातही होते, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक फॉन्टमध्ये असते. ग्रीक म्यू असेलच याची खात्री नसते. कोणतेही एक निवडावे आणि सर्व पत्रकांत तेच ठेवावे, नाहीतर शोध घेताना अर्धे उल्लेख सापडत नाहीत.

याखेरीज पीडीएफ यापुढे आपणच करावी आणि छापखान्याला वर्डची फाइल पाठवू नये. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून साठवताना ऑप्शन्सच्या खिडकीत पीडीएफ/ए चा पर्याय असतो, त्यावर खूण करावी. पीडीएफ/ए हे २००५ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मान्य केलेले, दीर्घकाळ जतन करण्यासाठीचे रूप आहे. त्यात प्रत्येक फॉन्ट फाइलच्या पोटातच ठेवणे सक्तीचे असते. तयार झालेली पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबावे आणि फॉन्ट्स हा भाग पाहावा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिलेले असले पाहिजे. ते नसेल आणि त्याखाली ‘अ‍ॅक्च्युअल फॉन्ट’ म्हणून भलतेच नाव असेल, तर तो फॉन्ट फाइलसोबत प्रवास करणार नाही.

प्रश्न : आम्ही ओतीव भागांचे यंत्रण करतो. ग्राहकाकडून ऑटोकॅडची ड्रॉइंग येतात आणि वर्कशॉपमधील माणसांसाठी त्यांची पीडीएफ आम्ही काढतो. काही ड्रॉइंगमध्ये व्यासाच्या जागी प्रश्नचिन्ह येते, तर टॉलरन्सच्या (मापातील मान्य फरकाच्या) चौकटीत व्यासाच्या जागी एन आणि पोझिशनच्या जागी जे. शिवाय पीडीएफ उघडली की मजकुरावर माउस नेताच टिपणांच्या चौकटी उगवतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एन आणि जे हे वरच्याच आजाराचे दुसरे रूप आहे. ऑटोकॅडमध्ये भौमितिक टॉलरन्सच्या खुणा जीडीटी नावाच्या एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या, रेषांनी काढलेल्या अक्षरांच्या) फॉन्टमध्ये असतात, आणि तेथेही त्या लहान इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेल्या आहेत : एनच्या घरात व्यास, जेच्या घरात पोझिशन, सीच्या घरात फ्लॅटनेस, बीच्या घरात लंबत्व. तो फॉन्ट आपल्या संगणकावर सापडला नाही की ऑटोकॅड फॉन्टऑल्ट या व्हेरिएबलमध्ये लिहिलेला पर्यायी फॉन्ट वापरतो आणि मूळ अक्षर उघडे पडते. साध्या मापातील व्यास बहुधा दोन टक्केचिन्हे आणि सी अशा संकेताने लिहिलेला असतो (अंशासाठी दोन टक्केचिन्हे आणि डी, ± साठी पी). पर्यायी फॉन्टमध्ये त्या खुणेचा आकारच नसेल तर प्रश्नचिन्ह येते.

उपाय ग्राहकाच्या हाती आहे आणि तो त्यांना स्पष्ट शब्दांत कळवावा : ड्रॉइंग नुसते न पाठवता ई-ट्रान्समिट या सोयीने पाठवावे आणि त्यात फॉन्ट समाविष्ट करण्याच्या पर्यायावर खूण करावी. ड्रॉइंग उघडताना ‘एसएचएक्स फाइल सापडत नाही’ अशी सूचना येते, तेव्हा सवयीने इग्नोर दाबणे हीच बहुतेक वर्कशॉपांतील गफलत आहे. त्या खिडकीत हरवलेल्या फॉन्टचे नाव लिहिलेले असते, ते टिपून घ्यावे.

टिपणांच्या चौकटींचे कारण वेगळे आहे. एसएचएक्स फॉन्टमधील अक्षरे पीडीएफमध्ये नुसत्या रेषा म्हणून जातात, आणि त्यांच्यात शोध घेता यावा म्हणून ऑटोकॅड तोच मजकूर अदृश्य टिपणांच्या रूपाने वर चिकटवतो. कमांड लाइनवर पीडीएफएसएचएक्स लिहून त्याचे मूल्य शून्य करावे. चौकटी जातील, मात्र त्यासोबत शोधण्याची सोयही जाईल.

प्रश्न : मी संख्याशास्त्र शिकवते आणि प्रश्नपत्रिका लाटेक या गणिती मजकुराच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तयार करते. गेल्या प्रश्नपत्रिकेत ‘<’ आणि ‘>’ च्या जागी उलटे उद्गारचिन्ह आणि उलटे प्रश्नचिन्ह आले. विद्यार्थ्यांनी त्यांना स्पॅनिश येत नसल्याचे मला नम्रपणे कळवले.
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : विद्यार्थी हजरजबाबी आहेत, आणि त्यांचा तर्कही चुकलेला नाही, ही चिन्हे खरोखरच स्पॅनिशची आहेत. लाटेकच्या मूळ अक्षरसंचात, ज्याला ओटी१ म्हणतात, फक्त १२८ घरे आहेत. लाटेकचा पाया असलेल्या टेक या प्रणालीचे जनक डोनाल्ड कनुथ यांनी फॉन्टची रचना केली तेव्हा ‘लहान’ आणि ‘मोठा’ ही चिन्हे गणितातच लागणार असे गृहीत धरून ती गणिती फॉन्टमध्ये ठेवली, आणि मजकुराच्या फॉन्टमधील त्यांची घरे ¡ आणि ¿ यांना दिली. उभ्या रेषेच्या जागी लांब आडवी रेघ येते, तीही याच कारणाने. म्हणून ही चिन्हे डॉलरच्या दोन खुणांमध्ये, म्हणजे गणिती अवस्थेत लिहावीत. संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ती तेथेच असणे योग्य.

मजकुरातही ती हवी असतील तर फॉन्टएन्क हे पॅकेज टी१ या पर्यायासह घ्यावे. टी१ हा २५६ घरांचा संच १९९० साली आयर्लंडमधील कॉर्क येथे झालेल्या टेक वापरणाऱ्यांच्या परिषदेत ठरला. परंतु केवळ टी१ लिहून थांबल्यास काही संगणकांवर पीडीएफमधील अक्षरे ठिपक्यांची बनतात आणि मोठी करून पाहिली की फाटलेली दिसतात. ते टाळण्यासाठी त्याखाली लॅटिन मॉडर्नचे पॅकेजही घ्यावे. प्रश्नपत्रिकेत मराठी मजकूरही असेल तर या सगळ्याला वळसा घालून झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावे, कारण त्यांना युनिकोड थेट समजते.

प्रश्न : एका यंत्राची मराठी माहितीपुस्तिका माझ्याकडे नव्या आवृत्तीसाठी आली आहे. सोबत जुनी पीडीएफ दिली आहे. ती वाचताना उत्तम दिसते, परंतु मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला हाती येतो. किमतींच्या तक्त्यात रुपयाच्या चिन्हाऐवजी एक लहानसा तिरपा फटका येतो. दुसऱ्या एका, अलीकडच्या पीडीएफमधून मराठी येते, पण जोडाक्षरे गळालेली असतात आणि वेलांट्या जागा बदलतात.
– एक भाषांतरकार, पुणे

उत्तर : आपल्याकडे दोन वेगळे रोग आलेले आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

पहिली पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमधील आहे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम ही नावे मराठी प्रकाशनव्यवसायात ज्यांनी काम केले आहे त्यांना सांगायला नकोत. या प्रणालींतील फॉन्टमध्येही देवनागरीचे तुकडे – काना, अर्धा त, रफार, वेलांटी – इंग्रजी अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या घरांत ठेवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी निराळी असे. फॉन्ट पीडीएफच्या पोटात आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसते. कॉपी करताना मात्र घराचा क्रमांक तेवढा येतो. चाकणच्या वाचकांचा ओहम आणि आपले मराठी यांत तत्त्वतः काही फरक नाही, एवढेच की त्यांची दोन-चार चिन्हे बिघडली आणि आपले सगळे पुस्तक.

येथे आधी कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टचे नेमके नाव पाहावे, आणि त्याच नावासाठी असलेला कन्व्हर्टर वापरावा. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लावला की ऐंशी टक्के शब्द बरोबर आल्यासारखे वाटतात आणि उरलेले शोधता शोधता पुरेवाट होते. त्याहून महत्त्वाची काळजी अशी की माहितीपुस्तिकेत मराठीच्या मधोमध खऱ्या इंग्रजी फॉन्टमधील एकके आणि भागांचे क्रमांक असतात. सगळा मजकूर एकगठ्ठा कन्व्हर्टरमध्ये टाकला तर ‘केजी’ आणि ‘आरपीएम’ यांचेही मराठी तुकड्यांत रूपांतर होते आणि अर्थहीन अक्षरे तयार होतात. म्हणून मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाइल मिळाली तर ती मिळवावी आणि फॉन्टनुसार मजकूर वेगळा करूनच रूपांतर करावे. रूपांतरानंतर ऱ्य आणि ऱ्ह विशेष तपासावेत. यंत्रणेला मराठीची ही खोड ठाऊक नसते, आणि ‘दोऱ्या’ घट्ट बांधा असे लिहिलेले असेल तेथे ‘दोर्या’ छापले जाते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते चौकोन होऊन बसते.

रुपयाच्या चिन्हाचा इतिहास थोडा मजेशीर आहे. भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह स्वीकारले, आणि युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आले. मधल्या काळात लोकांना धीर धरवेना. तेव्हा इंटरनेटवरून फुकट मिळणारा एक फॉन्ट घरोघरी बसवला गेला, ज्यात कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातील ` या कळेच्या घरात रुपयाचे चिन्ह ठेवलेले होते. आपल्याला दिसणारा तिरपा फटका हाच. तक्त्यात आकड्याच्या आधी येणारा प्रत्येक ` शोधून त्या जागी खरे ₹ घालावे. तांत्रिक पुस्तिकेत त्या खुणेचा दुसरा उपयोग सहसा नसतो, त्यामुळे हे काम एका फेरीत उरकते.

दुसऱ्या पीडीएफमध्ये फॉन्ट युनिकोडचाच आहे, तरीही मजकूर मोडतो, कारण पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांचे आकार असतात. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, युनिकोडच्या दृष्टीने क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक, आणि पीडीएफच्या दृष्टीने आधी वेलांटीचा आकार व मग क्ष चा आकार. आकारावरून घटकांकडे परत येण्यासाठी फाइलमध्ये टु-युनिकोड नावाचा एक तक्ता असतो. तो तक्ता अपुरा असेल तर जोडाक्षर गळते; आणि तो पूर्ण असला तरी आकारांचा क्रम डावीकडून उजवीकडे असाच राहतो, म्हणून वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसते. नवी आवृत्ती तयार करताना पीडीएफ/ए च्या दुसऱ्या भागातील ‘यू’ पातळी मागावी, कारण तिच्यात हा तक्ता सक्तीचा आहे. क्रमाचा दोष त्यानेही पुरता जात नाही. मराठीतून कॉपी करण्यासाठी पीडीएफवर भिस्त ठेवू नये आणि ग्राहकाकडून मूळ फाइल लेखी करारानेच मागून घ्यावी, असे माझे मत आहे. भाषांतराच्या दरांबद्दल आपण जेवढी घासाघीस करतो तेवढी मूळ फाइलसाठी केली तर बरीच डोकेदुखी टळेल.

प्रश्न : आमचा प्रोग्रॅम प्रयोगशाळांसाठी चाचणी अहवालांची पीडीएफ आपोआप तयार करतो. इंग्रजी अहवाल ठीक येतात, मात्र अंशाच्या चिन्हाआधी टोपी घातलेला ए हे अक्षर कोठून तरी येते. मराठी अहवालात ‘किमान’ मधील वेलांटी क च्या नंतर पडते, ‘तत्त्व’ हा शब्द पायमोडक्या अक्षरांत येतो, आणि सर्व्हरवर चालवले की नुसते चौकोन.
– एक सॉफ्टवेअर अभियंता, ठाणे

उत्तर : चौकोनांचे उत्तर सर्वांत सोपे, म्हणून ते आधी. सर्व्हरवरील लिनक्समध्ये देवनागरी फॉन्ट बसवलेला नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट बसवावा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे ते अहवालात अंतर्भूत करण्यास कायद्याची अडचण नाही.

टोपीचा ए हा फॉन्टचा दोषच नाही. युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत अंशाचे चिन्ह १९४ आणि १७६ अशा दोन बाइटांत लिहिले जाते. वाचणाऱ्याने ते विंडोजच्या जुन्या एकबाइटी संचाप्रमाणे वाचले तर १९४ म्हणजे टोपीचा ए आणि १७६ म्हणजे अंश, अशी दोन चिन्हे उमटतात. मराठी मजकूर असाच वाचला गेला तर प्रत्येक अक्षरामागे तीन चिन्हे दिसतात आणि त्यांत ¤ किंवा ¥ ठरावीक अंतराने येत राहतो. हा बिघाड पीडीएफ होण्याच्या आधीच, बहुधा यंत्रातून निघालेली सीएसव्ही फाइल वाचताना झालेला असतो, त्यामुळे तेथे युटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे. एक्सेलमधून फाइल येत असेल तर ती दोनदा टिचकी मारून उघडू नये. डेटा या मेनूतून मागवावी आणि फाइल ओरिजिन ६५००१ निवडावे. अहवालातून तो ए नंतर शोधून पुसून टाकणे हा उपाय काही ठिकाणी केलेला दिसतो. तो करू नये, कारण रुपयाचे चिन्ह आले की तीन नवीच चिन्हे उभी राहतात.

वेलांटी आणि जोडाक्षरे यांचे कारण असे की आपली पीडीएफ तयार करणारी लायब्ररी युनिकोडमधील अक्षरे एकामागून एक मांडत सुटते. युनिकोडमध्ये ‘कि’ हा क्रमाने क आणि वेलांटी असाच साठवलेला असतो. वेलांटी काढताना ती आधी घेणे, त्त्व ला एकत्र जोडणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे, हे काम शेपिंग करणाऱ्या प्रणालीचे असते. पडद्यावर ते काम ब्राउझर गुपचूप करतो. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम मात्र करत नाही, त्याला आकार तयार आणि आपापल्या जागी बसवलेलेच द्यावे लागतात. म्हणून जिच्यात हार्फबझसारखे शेपिंग आहे अशीच लायब्ररी निवडावी. ते जमत नसेल तर अहवाल एचटीएमएलमध्ये तयार करून सर्व्हरवर क्रोम खिडकीविना चालवावा आणि त्याच्याकडूनच पीडीएफ करून घ्यावी. हा मार्ग थोडा जड आहे, परंतु मराठीच्या बाबतीत खात्रीचा आहे. तपासणीसाठी ‘आर्द्रता’, ‘तत्त्व’, ‘किमान’, ‘पाऱ्याची’ आणि ‘ॲसिड’ हे शब्द असलेला एक नमुना अहवाल कायम ठेवावा. प्रयोगशाळेच्या मराठीत जे जे मोडू शकते ते बहुतेक या पाच शब्दांत येते.

प्रश्न : मूळ फाइल हरवली आहे, हाती फक्त बिघडलेली पीडीएफ आहे. काही करता येईल काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : डोळ्यांना मजकूर बरोबर दिसत असेल आणि केवळ कॉपी बिघडत असेल तर करता येईल. पानांची ३०० डीपीआयची चित्रे काढून त्यांवर ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, चालवावे. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीसाठी स्वतंत्र सोय आहे. एकके, घातांक आणि दशांशचिन्हे मात्र मूळ पानाशी ताडून एकेक पाहावीत, कारण अंशाच्या बारीक वर्तुळाला ओसीआर सर्रास शून्य समजते आणि २५ अंशांचे २५० होतात.

डोळ्यांनाही चुकीचे दिसत असेल, तर अ‍ॅक्रोबॅटची सशुल्क आवृत्ती घेऊन चिन्हागणिक दुरुस्ती करता येते, परंतु ती पाच-दहा चिन्हांपुरतीच परवडते. त्याहून अधिक असतील तर मजकूर वर्डमध्ये कॉपी करून पहिल्या उत्तरातील घरांच्या हिशेबाने मूळ चिन्ह कोणते असावे ते ठरवता येते. £ दिसला की तेथे ‘≤’ होते, हे बिनधोक धरून चालावे. एम आणि डब्ल्यू यांच्याबाबत तसे करू नये. त्यातील काही खरोखरच मिलि आणि वॅट असतील, आणि कोणते ते उपकरण जाणणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच ठरवावे लागेल.